मुलांच्या हाती झाडू द्यायचा की वही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शाळेतल्या हरित सेनेची, म्हणजे मुलांच्या पर्यावरण गटाची, जबाबदारी यंदा तुमच्याकडे आली आहे. आठवी-नववीची तीसेक मुलं आहेत. उपक्रमांचं नेतृत्व विद्यार्थ्यांनीच करावं, अशी वरून सूचना आहे. प्रत्यक्षात विषय तुम्ही ठरवता, घोषणा तुम्ही लिहून देता, मुलं रांगेत उभी राहतात, फोटो निघतो आणि पुढच्या शनिवारी तिसातली सहाच उगवतात. मुलांनाच रस नाही, की आपलंच काही चुकतंय?

मॅडम, चुकतंय आपलंच. मी हे अधिकाराने सांगतो, कारण तीच चूक मी सहा वर्षं नेमाने केली. राष्ट्रीय हरित सेना २००१-०२ साली सुरू झाली. आमच्या शाळेत तिचं पत्र आलं तेव्हा मुख्याध्यापकांनी ते ‘विज्ञानाचं दिसतंय’ म्हणून माझ्या टेबलावर ठेवलं. आमचं गाव कृष्णाकाठचं, तालुक्याचं. पाच जूनला वृक्षदिंडी, सप्टेंबरात ओझोनवर निबंध, दोन ऑक्टोबरला परिसर स्वच्छता, मार्चात अहवाल. अहवाल झकास असायचे. एका वर्षी जिल्ह्याचं बक्षीसही मिळालं. त्या वर्षी लावलेल्या पन्नास रोपांपैकी मार्चात किती जगली, हे कुणी विचारलं नाही म्हणून बरं झालं.

मुलं झाडू मारायला नाही म्हणत नाहीत. पण कुठे मारायचा, कधी, कशासाठी आणि मारून झाल्यावर कचरा कुठे जाणार, यातलं एकही जर त्यांनी ठरवलेलं नसेल, तर त्यांच्या लेखी ती ‘ड्यूटी’. हा शब्द त्यांचाच. आणि ड्यूटी टाळणं हा चौदाव्या वर्षीचा स्वाभाविक धर्म आहे.

बदल झाला तो एका वहीमुळे. सातव्या वर्षी मी कंटाळून म्हणालो, ‘या महिन्यात काहीच करायचं नाही. फक्त घर ते शाळा या वाटेवर रोज जे खटकेल ते वहीत लिहा. आणि मोजता येत असेल तर मोजा.’ शेवटचं वाक्य सहज तोंडून गेलं, पण पुढची पंधरा वर्षं त्याच्यावर चालली. पहिल्या आठवड्यात ‘सगळीकडे कचरा’, ‘लोक सुधारत नाहीत’ असलंच आलं. दुसऱ्या आठवड्यात एका मुलाने लिहिलं, ‘शाळेसमोरच्या चिंचेला ४१ खिळे.’ मी त्या चिंचेखालून रोज स्कूटर काढत होतो. मला एकही दिसला नव्हता.

मग सगळ्यांना मोजायचं वेडच लागलं. स्टँड ते शाळा एवढ्या रस्त्यावरच्या झाडांना किती खिळे, किती पाट्या, किती तारा. कोणत्या पाट्या? जास्तीत जास्त शिकवण्यांच्या. त्यातही एका क्लासच्या सर्वांत जास्त, आणि गटातली निम्मी पोरं त्याच क्लासला जाणारी. तिथे ‘नेतृत्व’ हा शब्द पहिल्यांदा खरा झाला. खिळे काढायचे एवढ्यावर सगळ्यांचं एकमत. पण आपल्याच क्लासच्या सरांना सांगायचं कुणी? त्यावर दोन शनिवार भांडण झालं. मी खुर्ची मागे घेऊन बसलो. शेवटी तीन मुली गेल्या आणि सरांना म्हणाल्या, ‘आम्ही पाट्या काढणार आहोत, पण आधी तुम्हाला विचारतोय. सुतळीने बांधून देऊ का?’ सर ओशाळले, माणूस लावून स्वतःच पाट्या उतरवल्या. हे मी शिकवलं असतं तर मी मोर्चाच शिकवला असता.

रस्त्यावरची झाडं नगरपरिषदेची, म्हणून परवानगी हवी. अर्ज मुलांनी लिहिला, तीनदा खोडून. पहिल्या मसुद्यात ‘खिळ्यांमुळे झाडे मरतात’ असं वाक्य होतं. मी एवढंच विचारलं, ‘मेलेलं झाड दाखवता का?’ चिंच तर चांगली हिरवीगार. मग वाक्य झालं: ‘खिळ्यांमुळे सालीला जखमा होतात व तिथून बुरशी-किडीचा शिरकाव होऊ शकतो.’ खरं तेवढंच लिहायचं, ही सवय पुढे त्यांना निबंधापेक्षा जास्त उपयोगी पडली. साहेबांच्या टेबलाशी तीन चकरा झाल्या. दुसऱ्या चकरेत लिपिकाने ‘अर्ज मिळालाच नाही’ म्हटल्यावर मुलांचे चेहरे उतरले. तेव्हा मी त्यांना आपल्या राज्यकारभाराची गुरुकिल्ली दिली: अर्जाच्या दोन प्रती न्यायच्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा, ती जपून ठेवायची. नववीच्या मुलाला आवक क्रमांक मागता आला की कार्यालयातली माणसं जरा सरळ बसतात. माहितीच्या अधिकाराचा अर्जही नंतर एका गटाने केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांची मुदत. २००५ च्या कायद्यात अर्जदाराच्या वयाची अट नाही, तो ‘नागरिक’ म्हणतो. अर्ज होता गावातला सुका कचरा नेमका कुठे जातो याबद्दल. उत्तर मोघम आलं, पण आलं.

खिळे काढताना एक लक्षात ठेवा. पकड आणि पटाशीने जो सहज निघतो तोच काढायचा. सालीने गिळून टाकलेला खिळा उकरत बसलं तर झाडाला आपणच नवी जखम करतो. जखमेवर शेण-माती-रंग काही फासायचं नाही. निघालेले खिळे भंगारात वजन करून दिले, साडेपाच किलो भरले. ते पैसे गटाचं पहिलं भांडवल. वहीच्या मागच्या पानावर जमाखर्च सुरू झाला. खजिनदार आठवीतली मुलगी होती, आणि तिने मला चहाचे वीस रुपये पावतीशिवाय दिले नाहीत.

दुसरी गोष्ट विसर्जनाची. नदीकाठच्या गावात ती टळत नाही. पहिल्या वर्षी मुलांनी घाटावर मोठा फलक लावला, ‘निर्माल्य नदीत टाकू नका, येथे द्या’. बाजूला टोपल्या. आले-गेले लोक फलक वाचत, मुलांचं कौतुक करत आणि निर्माल्य नदीत टाकत. आजीच्या मनात पिढ्यान् पिढ्यांची नदी आहे, तिला सातवीतलं पोर काय सांगणार? मुलं हिरमुसली. रात्री परत येताना एक मुलगी म्हणाली, ‘सर, लोक फुलं टाकताना पिशवीचं काय करायचं असं इकडेतिकडे बघतात.’ दुसऱ्या वर्षी फलक बदलला: ‘रिकामी पिशवी आम्हाला द्या’. बस. निर्माल्याचा उल्लेखच नाही. लोक थांबून पिशव्या द्यायला लागले. आणि हातात पिशवी धरून फुलं पाण्यात ओतायच्या आधी क्षणभर थांबायचं म्हटलं की पुष्कळांना वाटे, जाऊ दे, हे पण इथेच देऊ. त्या वर्षी टोपल्या पुरल्या नाहीत. मागणं लहान ठेवलं की माणूस मोठं देतो, हे मला त्या मुलीने शिकवलं. बी.एड.ला नव्हतं.

पण खरं काम तिथून सुरू झालं, आणि फोटोत ते कधी येत नाही. निर्माल्य म्हणजे नुसती फुलं नव्हेत. हारातला नायलॉनचा दोरा, चमकीचा कागद, थर्माकोलचे मणी, उदबत्तीच्या काड्या, कापूर, अर्धवट फळं. दूर्वा आणि झेंडू वेगळे करायला चार दुपारी गेल्या. नुसत्या ओल्या फुलांचा ढीग केला तर दोन दिवसांत वास सुटतो आणि तक्रार घेऊन शेजारी येतो, आमच्याकडे आलाच. मग वाळलेला पालापाचोळा थराथराने घातला, वर शेणकाला शिंपडला, आठवड्याला ढीग उलटा केला. दिवाळीच्या सुट्टीनंतर खत हाताला भुसभुशीत लागलं. पाचोळ्याचं प्रमाण किती हे मुलांनी तीन ढीग लावून स्वतः शोधलं. विज्ञानाच्या तासाला मी हे शिकवलं असतं तर निम्मी झोपली असती.

मोठ्या मुलांना डोक्याचं काम लागतं. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचं काय, हा प्रश्न दहावीच्या गटाने काढला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टर विरघळवण्याची पद्धत दिली आहे. त्यातून चुनखडी खाली बसते आणि वर अमोनियम सल्फेट राहतं, म्हणजे खतच. अमोनियम बायकार्बोनेट म्हणजे बेकरीवाल्यांचा खायचा अमोनिया. मुलांनी मूर्तीला हात न लावता खडूच्या तुकड्यांवर करून पाहिलं, मोकळ्या व्हरांड्यात, कारण वास नाकाला झोंबतो. नंतर पालकसभेत तेच दाखवलं. तिथे मुलांनी भाषण केलं नाही, बादली ठेवली.

आता मी जे करायला हवं होतं आणि केलं नाही, ते. एका गटाने रोपवाटिका करायची ठरवली. जूनमध्ये ओढ्याकाठच्या कडुनिंबाखाली लिंबोळ्यांचा सडा पडलेला. पोरांनी दोन डबे भरून गोळा केल्या, गर धुतला, वाळवल्या, आणि ‘सहामाही झाली की पेरू’ म्हणून कपाटात ठेवल्या. मला माहीत होतं की लिंबोळीचं बी फार दिवस टिकत नाही, ताजं असतानाच, दोन-तीन आठवड्यांत, पेरावं लागतं. मी गप्प बसलो. ऑक्टोबरात दोनशे पिशव्या भरल्या, पाणी घातलं, वाट पाहिली. चार उगवली. गटप्रमुख मुलगा माझ्यावर चिडला, ‘सर, तुम्हाला माहीत होतं ना?’ मी हो म्हटलं. तो आठवडाभर बोलला नाही. मग स्वतः वनखात्याच्या रोपवाटिकेत गेला, तिथल्या माळीमामांना गाठलं आणि वहीभर लिहून आणलं: बहाव्याच्या बियांचं कवच कठीण, गरम पाण्यात भिजवल्याशिवाय किंवा घासल्याशिवाय फुटत नाही, करंज सोपा, थेट पेरला तरी येतो, वड-पिंपळ बियांपेक्षा फांदी लावून बरे. पुढच्या वर्षी त्यांची शंभरावर रोपं तयार झाली.

मी गप्प राहिलो ते बरोबर केलं का? बहुतेक. नुकसान झालं ते मातीचं, पिशव्यांचं आणि रुसव्याचं. पण हाच नियम सगळीकडे लावू नका. मुलांची चूक जिथे कुणाच्या जिवावर, दुसऱ्याच्या पैशावर किंवा दुसऱ्याच्या अब्रूवर बेतेल, तिथे तुम्ही हुकूमशहा व्हायचं, बिनदिक्कत.

जिवाचं आधी. पावसाळ्यात नाल्यात किंवा साचलेल्या पाण्यात मुलं उतरणार नाहीत. उंदराच्या मुतातून लेप्टो होतो आणि पायाला ओरखडा पुरतो. विसर्जनाला मुलं पायरीच्या वर, पाण्यात फक्त पट्टीचे पोहणारे मोठे. सुई, काच, औषधांच्या बाटल्या, सॅनिटरी पॅड यांना हात नाही. दिसलं की खूण करून ठेवायची आणि आरोग्य निरीक्षकांना कळवायचं. दगड हाताने नव्हे, काठीने उलटायचा, खाली कोण बसलंय सांगता येत नाही. पालकांची लेखी संमती, जवळच्या दवाखान्याचा नंबर, पायात बूट. चपला घालून आलेला मुलगा त्या दिवशी फक्त नोंदी करील, कितीही रडला तरी.

अब्रूचं थोडं अवघड आहे. एका वर्षी मुलांनी उघड्यावर कचरा टाकणाऱ्यांचे फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकायचं ठरवलं. उत्साह दांडगा. मी ते थांबवलं. पहिलाच फोटो एका धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा होता. त्यांच्या गल्लीत घंटागाडी येते त्या वेळी त्या दुसऱ्यांच्या घरी कामावर असतात. हे मुलांना कळलं ते फोटोतून नाही, जाऊन विचारल्यावर. मग प्रकल्पच बदलला: कोणत्या गल्लीत गाडी किती वाजता येते, याचं वेळापत्रक दहा दिवस नोंदवून नगरपरिषदेला दिलं. दोन गल्ल्यांची वेळ बदलली. बाकीच्यांची नाही.

गटप्रमुख कुणाला करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण घोडं नेमकं तिथेच पेंड खातं. वर्गाचा मॉनिटर करू नका. भाषणात पहिला येणारा तर मुळीच नको. मी दुसऱ्या शनिवारची हजेरी पाहायचो. पहिल्या दिवशी सगळेच येतात. दुसऱ्यांदा, ऊन असताना, फोटो नसताना जो येतो, आणि जाताना टोपल्या जागेवर ठेवतो, तो तुमचा माणूस. अनेकदा ती मागच्या बाकावरची असते. मुलींचं एक जास्तीचं पाहावं लागतं: रविवारी सकाळी त्यांच्या मागे घरकाम असतं, म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावरचा तास धरा, आणि कामाच्या जागेजवळ स्वच्छतागृह आहे का हे आधी बघा. हे पाहिलं नाही तर मुली गळतात आणि आपण म्हणतो, मुलींना आवड नाही.

दहावी हे दुसरं संकट. पालक नववीच्या दिवाळीपासूनच दोर कापायला लागतात, आणि त्यांना दोष देऊन उपयोग नाही. आम्ही साल शाळेप्रमाणे न धरता दिवाळी ते दिवाळी धरलं. नववीतला गट दिवाळीनंतर सूत्रं सोडतो आणि जानेवारीपर्यंत आठवीला तयार करतो. सोडताना वही द्यायची. आमची सर्वांत पहिली वही फाटून गेली तेव्हा मुलांनी ती पुन्हा उतरवून काढली, ४१ खिळ्यांसकट. अकरावी-बारावीत पुष्कळ मुलं राष्ट्रीय सेवा योजनेत जातात. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीत सुरू झालेली ही योजना वर्षाला १२० तास काम मागते. आमची मुलं तिथे गेली की शिबिराच्या पहिल्याच दिवशी विचारायची, ‘बंधारा कुठे घालायचा ते कुणी ठरवलं?’ एका प्राध्यापकांनी मला फोन करून तक्रार केली. मला ती प्रशस्तिपत्रासारखी वाटली.

प्रमाणपत्रांवरून आठवलं. हल्ली शहरांतले पालक विचारतात की परदेशी कॉलेजच्या अर्जात दाखवायला एखादा ‘प्रोजेक्ट’ मिळेल का, दोन महिन्यांचा. मी सरळ नाही म्हणतो. इंडोनेशियातल्या बाली बेटावरच्या मेलाती आणि इझाबेल विझेन या बहिणींचं उदाहरण मुलांना जरूर सांगा, पण पूर्ण सांगा. प्लास्टिक पिशव्यांविरुद्ध त्यांनी २०१३ मध्ये काम सुरू केलं तेव्हा एक बारा वर्षांची आणि दुसरी दहाची होती. बेटावर बंदी प्रत्यक्ष आली २०१९ ला. मधली सहा वर्षं सह्या गोळा करण्यात, किनारे झाडण्यात आणि राज्यपालांच्या दारात थांबण्यात गेली. आपल्याकडे महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना २०१८ मध्येच निघाली, म्हणजे बालीच्या आधी. बाजारात पिशवी अजून मिळते. आपल्या मुलांचा प्रश्न वेगळा आहे: नियम आहे, मग अडतंय कुठे? आमच्या एका गटाने मंडईत बसून हेच विचारलं. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘गिऱ्हाईक पिशवी आणत नाही, मी नाही दिली तर शेजारची देते.’ त्यावर पोरांनी घरोघरच्या जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवून घेतल्या आणि मंडईत एका कोपऱ्यात दहा रुपये अनामत ठेवून द्यायला लागली. चार महिने चाललं. मग पिशव्या परत येईनात आणि ते बंद पडलं. अनामत वीस रुपये हवी होती, असं त्यांचं मत. माझं मत वेगळं आहे, पण वहीत त्यांचंच लिहिलेलं आहे.

तुमच्यासाठी काम काय उरतं? पुष्कळ. मुख्याध्यापकांना सांभाळणं, पालकांचे फोन घेणं, नगरपरिषदेत मुलांच्या मागे भिंतीला टेकून उभं राहणं, वह्या वाचणं. आणि अहवाल. तो तुम्हीच लिहा, मुलांवर ढकलू नका. त्यात ‘जनजागृती करण्यात आली’ हे वाक्य आलं की मी स्वतःला दंड करायचो. कुणाची जागृती, किती जणांची, आणि दुसऱ्या दिवशी ते काय वेगळं वागले? सांगता येत नसेल तर ते वाक्य गाळायचं. माझे अहवाल त्यानंतर दीड पानाचे झाले आणि बक्षीस पुन्हा कधी मिळालं नाही.

तीस मुलांची चिंता करू नका. बारा टिकली तरी भरपूर. शाळा उघडली की पहिले चार शनिवार फक्त वह्या भरू द्या, कुणीही विचारलं तरी उपक्रम जाहीर करू नका. त्याच दिवसांत लिंबोळ्याही पडायला लागतील आणि कुणीतरी त्या गोळा करून आणेलच. त्या पोरांना लगेच पेरायला सांगायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.